मागचा दिवा

“पण माई, माझ्या कामात दोष नाहीच, तर मी शोधू तरी कुठं?”

निवास जीपच्या स्टेअरिंगखाली उताणा पडून बोलत होता. बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांशी बोलावं तशा मठ सांभाळणाऱ्या भागूमाई शेजारी उभ्या होत्या.



घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात गाडी एकच, ही जुनी जीप. कुणाला ताप चढो, कुणाची लेक बाळंतपणाला अडो, आसपासच्या वाड्यांना तिचाच आधार. आज म्हाताऱ्या हौसाबाईंना खाली तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. उद्या सकाळी तिथल्या शिबिरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रात्री मुक्कामाला पोचल्या तरच नंबर लागणार, नाहीतर पुढचं शिबिर थेट पावसाळा सरल्यावर. तोवर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि दिवस कलायला लागला होता.

हौसाबाई मठाच्या पायरीवर गाठोडं मांडीत घेऊन बसल्या होत्या.

“आरं निवास, काय बिघडलंय त्ये तरी सांग.”

“मीटरचा दिवा लागत नाही, आजी. वेग किती, डिझेल किती, काही दिसत नाही.”

“मला तर तुझं तोंडबी दिसत न्हाई. म्हनून मी काय बोलायची थांबले व्हय?”

माई हसल्या. निवास हसला नाही.

मठात यायच्या आधी तो घरांचं वायरिंग करायचा. हात कसलेला होता आणि ते त्याला ठाऊकही होतं. माझ्या हातचं काम कधी उलटून आलेलं नाही, हे वाक्य तो मठातल्या प्रत्येकाला ऐकवून झाला होता.

मागच्या आठवड्यात त्यानं पितळी पत्रा ठोकून जीपमधल्या दत्ताच्या मूर्तीसाठी प्रभावळ केली. तिच्यात बारीक बारीक दिवे बसवले. थेट बॅटरीवरून वेगळी वायर ओढली. लांब स्क्रूनं सगळं डॅशबोर्डवर असं घट्ट आवळलं की घाटातल्या खड्ड्यांनीही हलू नये. वाडीवरची माणसं येऊन जीपलाच हात जोडू लागली.

माईंनी पाहिलं. म्हणाल्या, “हं.”

एवढंच.

तो “हं” निवासच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता.

आणि नेमक्या त्याच दिवसापासून मीटर अंधारात होता. योगायोग, असं निवास म्हणायचा. त्यानं मीटर उघडून बल्ब बदलले. खटके घासूनपुसून साफ केले. उजेड कमी-जास्त करायचं बटण फिरवून फिरवून सैल केलं. प्रभावळ तेवढी झगझगत होती, बाकी सगळा काळोख.

“गाडीच म्हातारी झाली आहे, माई,” तो बाहेर येत म्हणाला. “जाऊ द्या. पुढचे दिवे लागतात. वेग मी अंदाजानं सांभाळतो. बसा तुम्ही दोघी.”

माई बसल्या नाहीत.

“काल येताना तो दुधाचा टेंपो काय म्हणत होता रे?”

निवासच्या कपाळावर आठी आली. काल तिन्हीसांजेला घाट चढताना मागून एक टेंपो अगदी बुडाला येऊन कचकन थांबला होता. मग पुढे जाता जाता ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढून निवासच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

“त्याला काय होतंय बोलायला! डोळे मिटून गाडी हाकतात हे लोक.”

“अस्सं...”

माईंनी पदर खोचला. “दिवे लाव. सगळे.”

त्यानं लावले.

माई चालत जीपच्या मागे गेल्या आणि खुशाल रस्त्यातच मांडी घालून बसल्या.

“माई! अहो, तिथं काय बसलात? मागून कुणी आलं म्हणजे?”

“इकडे ये. बस माझ्याशेजारी.”

तो गेला. लाजत लाजत बसला. दरीतून धुकं वर चढत होतं.

“काय दिसतंय?”

“काही नाही.”

“नीट बघ.”

“काहीच दिसत नाही, माई. नुसती...”

तो बोलता बोलता थांबला.

जीपचे मागचे लाल दिवे विझलेले होते. दोन्ही.

 कालचा टेंपो आठवला. कचकन लागलेला ब्रेक आठवला. मागच्या बाकावर काल वाडीतली एक लेकुरवाळी बसली होती, तीही आठवली. 

“आठवडाभर मी रोज घाट उतरलो...” तो पुटपुटला. “एकदाही मागं येऊन बघितलं नाही.”

“मागं तुझी प्रभावळ नव्हती ना.”

तो उठला. आता त्याच्या डोक्यात लख्ख पडलं होतं. मीटरचा दिवा आणि मागचे दिवे, दोन्ही एकदमच गेले म्हणजे दोघांचा फ्यूज एकच असणार. त्यानं फ्यूजचं झाकण काढलं. एक जळलेला होता. नवा बसवला, बटण दाबलं. चट्... तोही गेला.

हौसाबाईंनी पायरीवरून विचारलं, “लागला का रं?”

“लागतोय, आजी.”

त्यानं पिशवीतून तांब्याच्या तारेचा जाड तुकडा काढला. घराघरांत तो हेच करत आला होता. फ्यूज सारखा उडतो? मग जाड तार भरा, बघू कसा उडतो ते.

माईंनी त्याचं मनगट धरलं.

“तो का उडतोय?”

“कुठंतरी उघडी वायर पत्र्याला टेकली असणार.”

“म्हणजे तो तुला हाक मारतोय.”

“हो.”

“आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबतोयस?”

निवासनं तार खाली ठेवली. मीटरमागच्या वायरी तो आधीच तपासून बसला होता. स्टेअरिंगखालच्याही. एकच जागा उरली होती, आणि ती कुठली हे त्याला चांगलं माहीत होतं. तिच्याकडे त्याची नजर जात होती आणि परत फिरत होती.

“तिथं कसा हात घालू, माई? तिथं देव बसलाय.”

“देव बसलाय, की तू?”



माई पुढे झाल्या. झोपलेलं मूल उचलावं तशी त्यांनी ती लहानशी मूर्ती प्रभावळीतून अलगद काढली आणि पदरात घेतली.

“आता घाल हात.”

त्यानं पेचकस लावला. स्वतःच आवळलेला तो लांब स्क्रू फिरता फिरत नव्हता, इतका घट्ट होता. शेवटी निघाला. प्रभावळ हातात आली. त्यानं डॅशबोर्डची फळी उचकटून आत बोट घातलं, आणि बोटाला लागली सोललेली वायर. स्क्रूचं टोक थेट तिच्यात घुसलं होतं.

“माझाच स्क्रू...” तो म्हणाला.

माई मूर्तीवरची धूळ पदरानं पुसत होत्या.

त्यानं वायरीला नीट टेप गुंडाळली, पत्र्यापासून दूर बांधली. मापाचा फ्यूज घातला. बटण दाबलं.

मीटर उजळला. हिरवट, मंद, जुन्या गाडीचा असतो तसा.

पण निवास तिकडे बघायला थांबलाच नाही. तो धावत मागे गेला. धुक्यात दोन लाल ठिपके तेवत होते.

“आजी, चला!” तो ओरडला.

हौसाबाईंनी वाटेत मागच्या दिव्यापाशी थांबून डोळे बारीक केले. “ह्ये तांबडं तांबडं काय दिसतंय रं?”

“तुम्हाला दिसलं?”

“अंधुक. पर दिसलं बघ.”

जीप घाट उतरू लागली. माई पुढे बसल्या होत्या, मूर्ती त्यांच्या मांडीवर. प्रभावळ मागे हौसाबाईंच्या गाठोड्याशेजारी पडली होती. धुकं इतकं दाट होतं की वळण आल्यावरच वळण कळत होतं.

अर्ध्या घाटात मागून दुधाचा टेंपो आला. निवासनं आरशात पाहिलं. टेंपो जवळ आला... आणि मग आपोआप हळू झाला. बेताचं अंतर ठेवून, एकेका वळणाला त्यांच्या पाठोपाठ येत राहिला.

खाली गावाचे दिवे दिसू लागले. दवाखान्याचं फाटक अजून उघडं होतं.

निवासनं खूप वेळ मनात घोळवलेलं शेवटी विचारलं.

“माई... आज तरी काम बरं झालं का हो माझं?”

माईंनी मांडीवरचा दत्त थोडा सावरला.

“मला कशाला विचारतोस? तो मागून येतोय, त्याला विचार.”