कोनाड्यातली जागा

“…आणि माल चांगला असूनही, तो फळीवर ठेवायचं भाडं मीच का द्यायचं, अण्णा?”

उन्मेष डोळस एकदा बोलायला लागला की थांबत नसे. हॉलंडमध्ये अन्नप्रक्रिया शिकून तो पांगरीला परतला होता आणि गावातल्या अकरा बायकांना सोबत घेऊन ज्वारीच्या लाह्यांची गुळातली वडी करत होता. वडी खरंच झकास होती. बार्शीतल्या सव्वीस दुकानांत ती पोचलीही होती.

पण फळीचं भाडं, दहा खोक्यांवर एक फुकट, न खपलेला माल परत… प्रत्येक खोक्यामागे पदरचेच पैसे जात. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात भट्टी विझणार होती. आणि बायकांना त्याने वर्षभराच्या कामाचा शब्द दिला होता.

अण्णा शेटे चाळीस वर्षं किराणा विकून आता मठाच्या ओवरीत राहत. पेठेतले निम्मे दुकानदार त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांची एक चिठ्ठी मिळाली की कुणी भाडं मागणार नाही, अशी उन्मेषची खात्री होती.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं.

“चिठ्ठी देतो. आधी तुझं खोकं तिथं ठेव.”

उन्मेष लगेच उठला. कोनाडा जेमतेम वीतभर. त्यात पणती, काडेपेटी, चष्मा, विभूतीची डबी आणि एक कंगवा, सगळं दाटीवाटीने बसलेलं. त्याने पणती उचलली.

“ने की,” अण्णा म्हणाले. “तिन्हीसांजेला तिच्या जागी तू उभा राहा म्हणजे झालं.”

पणती मुकाट्याने जागेवर गेली. चष्म्याला हात लागताच, उद्यापासून पोथी कोण वाचून दाखवणार, अशी चौकशी झाली. विभूतीच्या डबीकडे त्याने नुसतं पाहिलं, तर अण्णांच्या भुवया अशा वर गेल्या की काडेपेटीचं त्याने नावच काढलं नाही.

मग त्याने वडीचे गुण सांगायला घेतले. लोह किती, तंतू किती, साखर कशी मुळीच नाही. अण्णांनी प्रत्येक मुद्द्याला मान डोलावली. कोनाडा होता तेवढाच राहिला.

…

उन्मेष खोकं छातीशी धरून उभा होता. चिठ्ठी हातची चालली होती. सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. आधी कोनाड्याकडे. मग अण्णांच्या डोक्याकडे.

डोकं घासलेल्या तांब्यासारखं लख्ख होतं. औषधालासुद्धा केस नव्हता.

“अण्णा… हा कंगवा?”

“असतो आपला. पंधरा वर्षं झाली असतील.”

उन्मेषने कंगवा अलगद काढून अण्णांच्या हातात दिला. जागा झाली दोन बोटांची. खोकं काही तिथे मावेना. क्षणभर त्याने खोक्यावरच्या सुंदर चित्राकडे पाहिलं, मग खोकंच टरकन फाडलं आणि आतल्या दोन वड्या काढून फटीत सरकवल्या.

बसल्या.

“भाडं?” अण्णांनी तळहात पुढे केला.

उन्मेषचा हात सवयीने खिशाकडे गेला… आणि वाटेतच थांबला.

“कंगवा काय देत होता?”

अण्णा इतके हसले की ओवरीवरचे पारवे उडाले. उन्मेषलाही हसू आवरेना. चिठ्ठीची आठवण दोघांनाही राहिली नाही.

हसू ओसरल्यावर तो जरा घुटमळला.

“पण अण्णा… दोन वड्यांवर अकरा घरं कशी चालायची?”

अण्णांनी कंगव्याने सावकाश पाठ खाजवली.

“उद्या ये,” ते म्हणाले. “ओवरीत येणारे-जाणारे तोवर दोन्ही वड्या संपवतील. भरलेली जागा बघायला नको… रिकामी बघायला ये.”