बारांतला एक

शिंगाड्याच्या तळ्यावर धुकं असं उतरलं होतं, की होड्या पाण्यात आहेत की आभाळात तेच कळेना. राजाच्या हेरखात्यातून निवृत्त झालेला सिदोजी काठावर जाळं विणत होता. इतक्यात लुटारूंचा म्होरक्या भुजंगा घोड्यावर बसून, बारा माणसं घेऊन आला. तळ्यावर पोट भरणाऱ्या विधवांना त्याला हुसकून लावायचं होतं.

"बाजूला हो म्हाताऱ्या! माझी ही बारा माणसं. तुझं कोण आहे?"

सिदोजी झोपेत बोलावं तसा म्हणाला, "त्या बारांतलाच एक. तुम्ही आज दहीभात खाऊन निघालात, हेही मला ठाऊक आहे."

भुजंगाचा चेहरा उतरला. घरातली न्याहारी याला कुणी सांगितली? त्यानं एकेकाकडे रोखून पाहिलं. बाराही जण एकमेकांपासून दूर सरकले. आता कुणाकडे पाठ करायचा त्याला धीर होईना. घोडा वळवून तो एकटाच धुक्यात पळाला. मागोमाग टोळीही पांगली.

त्या विधवांपैकी राहीनं होडीतून विचारलं, "काका, त्यांतला तुमचा माणूस कोण?"

"कुणीच नाही गं. त्या भुजंगाच्या मिशीत दहीभाताचं शीत अडकलं होतं. बारा माणसं पदरी, पण 'मिशी पुसा' म्हणायची एकाची हिंमत झाली नाही."