पहिली गाठ

एका राज्यात पाणी थांबेनासे झाले. घागरीत भरावे, तर काठावरून उतरून उंबरा ओलांडी आणि चालू लागे. विहिरींचे पाणी पायऱ्या चढून वर येई नि वेशीबाहेर निघून जाई. माणसे भांडी घेऊन त्याच्यामागे धावत, राजवाड्यातले आचारीसुद्धा पळ्या-पातेली घेऊन धावत. सारे नगर पळत होते आणि सारे नगर तहानलेले होते.

हे का झाले, ते एकाच माणसाला ठाऊक होते. तो राज्याचा जलामात्य निळोजी. त्याला घरी बसवेना, बाहेर राहवेना. त्याची लेक आवडी तापाने फणफणली होती आणि तिच्या ओठांशी धरलेले पाणी हनुवटीवरून उतरून दाराकडे निघे.

झाले होते ते असे. नगराच्या तळ्यात, अगदी तळाशी, एका मायाविनीने ठेवलेले नीलरत्न होते. 'रत्न काढाल तर पाण्याला पाय फुटतील,' हा तिचा शाप निळोजीच्या घराण्यात बाप मुलाला सांगत आला होता. राजा रत्नशेखराला ते रत्न मुकुटात हवेसे झाले. भर दरबारात त्याने विचारलेही, "काही धोका?"

आता त्या दरबाराची रीत ऐका. राजाज्ञा झाली की एक रेशमी दोरा फिरे. ज्याच्या कारभारातली गोष्ट, तो अमात्य पहिली गाठ मारी, मग सेनापती, शेवटी प्रधान. गाठ मारताना कोणी बोलत नसे. बोलणाऱ्याला दरबारात वागायचे कळत नाही, असे मोठी माणसे म्हणत, आणि लहान माणसांना मोठे व्हायचे असे.

बोलावे, असे निळोजीच्या मनात आले होते. पण म्हातारे प्रधान अनंतदेव पद सोडणार, त्यांची शाल आपल्या खांद्यावर येणार, ही कुजबुज आदल्याच दिवशी त्याच्या कानी पडली होती. त्याने मनाची समजूत घातली, की आपल्यामागे दोन जाणती माणसे आहेत, चुकत असेल तर ती अडवतील. त्याने गाठ मारली. त्या दोघांनीही मारल्या, आणि रत्न निघाले.

आता निळोजी सुकत्या तळ्याच्या काठी आला, तेव्हा तिथे एक टिटवी ओरडत हिंडत होती. तिला माणसांची भाषा येई, पण ती फारशी वापरत नसे.

"जलामात्य, रत्न परत ठेवा," ती म्हणाली.

"मुकुटातून सुटत नाही. पुसायला काढावे म्हणून महाराजांनी स्वतः ओढून पाहिले."

"आज्ञेचा दोरा बांधलेला आहे तोवर सुटणार नाही. तीन गाठी सोडवा. ज्याची त्यानेच सोडायची."

निळोजी दोरा घेऊन सेनापतीकडे धावला. सेनापतीने जोर लावला, नखे तुटली, गाठ हलली नाही.

"यात आमचा काय दोष?" तो चिडून म्हणाला. "पाण्यातले तुम्हाला कळते. तुम्ही गाठ मारलीत, म्हणून आम्ही मारली."

निळोजी तसाच प्रधानाकडे गेला. अनंतदेवांचीही गाठ सुटेना.

"तुमच्या दोघांच्या गाठी पाहिल्या आणि निश्चिंत झालो," ते म्हणाले. "आता गवगवा नको. उद्या शाल तुमच्या खांद्यावर येऊ द्या, मग सावकाश पाहू."

"माझी लेक उद्यापर्यंत तगेल का, प्रधानजी?"

अनंतदेवांनी दोरा त्याच्या हातात परत ठेवला.

उरली त्याची स्वतःची गाठ. तळ्याकाठी बसून त्याने ती नखांनी ओढली, दातांनी ओढली. टिटवी त्याच्याभोवती फेऱ्या घालत होती.

"नुसत्या बोटांनी बांधली नव्हतीत," ती म्हणाली. "जे गिळून बांधलीत, ते बाहेर काढा. जिथे गिळलेत तिथेच."

राजवाड्याच्या दारापर्यंत जाऊन निळोजी दोनदा माघारी फिरला. घरी डोकावला, तर आवडी डोळे उघडत नव्हती. मग मात्र तो थेट दरबारात गेला.

"महाराज, 'काही धोका?' असे आपण विचारले होते. मला धोका ठाऊक होता. प्रधानपदाची शाल हवी होती, म्हणून मी गप्प बसलो."

त्याच्या हातातली पहिली गाठ आपसूक उकलली.

सेनापतीने आपल्या गाठीवर बोट ठेवले. "शंका मलाही आली होती," तो म्हणाला. "वेगळे पडायची भीती वाटली." दुसरी गाठ सुटली.

"मला गाजावाजा न होता घरी जायचे होते," अनंतदेव पुटपुटले, आणि दोरा सरळ झाला.

मुकुटातून रत्न निसटले, पायऱ्या उतरले आणि गडगडत तळ्यात गेले. पाणी वेशीतून परत आले, ज्याच्या त्याच्या विहिरीत, ज्याच्या त्याच्या घागरीत.

राजाने रिकामा मुकुट मांडीवर घेतला. "प्रश्न विचारून मी उत्तरासाठी थांबलो नाही," तो म्हणाला. "दोरा यापुढेही फिरेल. पण या आज्ञेत आपला लाभ काय, ते मोठ्याने सांगून मगच गाठ मारायची. मीही सांगेन. निळोजी, तुमचे पद आम्ही काढून घेतो."

"आज्ञा, महाराज."

रिकाम्या खांद्यांनी निळोजी घरी धावला. त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि लेकीच्या ओठांशी धरले. आवडी प्यायली. मग डोळे उघडून ओंजळीत उरलेल्या पाण्याकडे संशयाने पाहू लागली.

"तात, हे अजून हलते आहे. पळून जाईल का?"

"नाही, बाळ," निळोजी म्हणाला. "पाणी थांबले आहे. माझे हात कापत आहेत."