बोचक्यात बांधलेली झोप

एका राज्यात कुणालाच झोप येत नसे. पूर्वी येत असे, चांगली घोरण्यासकट येत असे. पण एका चेटक्याने मरतामरता साऱ्या राज्याची झोप रेशमी बोचक्यात बांधली आणि वर अशी गाठ मारली की, जो चुकीचा पदर ओढील तो जागच्या जागी दगड व्हावा. जागून जागून माणसे विरळ होऊ लागली. राजाचा पारखी सोमकेतू, त्याची लेक निलाक्षी तर इतकी विरळ झाली की तिच्या तळहातातून पलीकडची भिंत दिसे.

देशात गाठ सोडणारा कुणी मिळेना, तेव्हा परदेशांतून कारागीर मागवले. त्यांना पारखायचे सोमकेतूने. रेशमाची, धुराची आणि वाऱ्याची अशा तीन गाठी, प्रत्येकीला एकच घटका. पाण्यावर घटिकापात्र सोडायचे. तळाच्या भोकातून पाणी भरून ते बुडाले की वेळ संपली. अकरा जण या कसोटीला झटपट उतरले, आणि अकराही बोचक्यापाशी दगड होऊन उभे राहिले. "परदेशी माल कच्चाच," असे सोमकेतू खुशाल म्हणे आणि पुढच्याला बोलावी.

बारावी आली ती खाऱ्या वाळवंटापलीकडची तुरीन. तिची भाषा दरबारात फक्त राजाच्या बोलक्या पाळीव साळुंकीला येई.

रेशमाची गाठ पुढ्यात ठेवली. तुरीनने तिच्यावर तळवा टेकला, डोळे मिटले आणि स्वस्थ बसली. पात्र बुडाले. धुराच्या गाठीलाही तेच. सोमकेतूचा पारा चढला.

"हिला काम येत नाही. परत पाठवा."

"काम चालू आहे," साळुंकी म्हणाली.

"बोट तरी हलले का?"

"शेवटी कोणता पदर ओवला ते तळव्याला कळेपर्यंत तिच्या देशात गाठीला बोट लावत नाहीत. उतावळ्याला तिथे कुणी कामावर ठेवीत नाही. तू आजवर घाईच पारखलीस, पारखी."

हे त्याला झोंबले. त्याने निलाक्षीकडे पाहिले. खांबाला टेकलेल्या लेकीतून खांबावरची नक्षी स्वच्छ दिसत होती. वाऱ्याची गाठ ठेवली, पात्र सोडले, आणि त्याने खालून हात घालून भोकावर बोट दाबून धरले.

सकाळची दुपार झाली. बोट बधिर झाले. मग तुरीनने एक पदर अलगद ओढला, वारा सुटला आणि दरबाराचे पडदे फडफडले. मागच्या दोन गाठीही तिने सहज सोडल्या.

"बोचक्यापाशी मी तुझ्याजवळ उभा राहीन," सोमकेतू म्हणाला. "पदराला माझाही हात असेल, चुकलीस तर दोघेही दगड होऊ."

साळुंकीने सांगितले. तुरीन हसली. "उभे राहा. पण लवकर आटप म्हणू नका."

सात दिवस ती तळवा टेकून बसली. सोमकेतूने एकदाही 'आटप' म्हटले नाही. आठव्या दिवशी भर दुपारी गाठ सुटली आणि झोप बाहेर आली. तिला ओल्या गवताचा वास होता. भाजीवाली टोपलीवर, राजा सिंहासनावर, घोडे उभ्या उभ्या झोपले. निलाक्षीने जांभई दिली, बापाच्या खांद्यावर मान टाकली, आणि तिचे वजन त्याला कितीतरी दिवसांनी जाणवले. तो ढसाढसा रडला.

तेवढ्यात अकरा दगड हलले. पहिल्या कारागिराने डोळे चोळून चाचरत काही विचारले.

"तो विचारतो, मी नापास झालो का?" साळुंकी म्हणाली.

सोमकेतूने लेकीला सावरीत त्याच्यापुढे मान लवविली. "त्याला सांग, नापास मी झालो. सगळ्यांना सांग."

साळुंकीने ते अकरा भाषांत सांगितले, आणि मगच चोच पंखात खुपसून तीही झोपली.