मिटलेल्या बोंडांचे राज्य

या कथेचे तीन पाठ आढळतात. पहिल्यात सगळा प्रसंग राजवाड्यात घडतो आणि शेवटी नायिकेला देशोधडीला लावतात. हा पाठ सांगणाऱ्यांना शिक्षेची हौस असावी. दुसऱ्यात तिची देवी होते, तिचे ठाणे बसते आणि कथा व्रताच्या कहाणीच्या अंगाने जाते. तिसरा पाठ माळणींच्या तोंडचा. त्यात ना राजवाडा आहे ना देवी. घरामागची एक बाग तेवढी आहे. तो सर्वांत आखूड आहे आणि त्यात कोणालाच शिक्षा होत नाही. पुढे दिला आहे तो हाच.

त्या राज्यात उमलणे ही नाचक्की होती.

राज्य म्हणजे कुंपणाच्या भिंतीआतले काही वाफे. तेथे आर्टिचोक या विलायती भाजीचे कुळ नांदत होते: कमरेएवढी वाढणारी, करड्या रुंद पानांची झाडे. प्रत्येकीच्या शेंड्याला खवल्यावर खवले मिटून घेतलेले मुठीएवढे बोंड येई. ते घट्ट मिटलेले असतानाच घरातून हात येई, सुरीने ते कापून स्वयंपाकघरात नेई. कुळात याला ‘बोलावणे’ म्हणत, आणि ‘मिटलेली गेली’ याहून मोठी स्तुती कोणाला ठाऊक नव्हती. बोंडाच्या पोटात बारीक केसांचा एक झुबका असतो. तो घशात अडकतो म्हणून स्वयंपाकघरात खरवडून काढत आणि उकिरड्यावर टाकत. या झुबक्याविषयी कुळात कोणी बोलत नसे. प्रत्येकीला वाटे, ही खोड आपल्या एकटीच्याच पोटात आहे.

वंश फुटव्यांनी वाढे. आईच्या बुडातून फुटवा निघे, हात तो सोडवून शेजारी लावी, आणि पाहता पाहता तो हुबेहूब आईसारखा होई. त्यामुळे साऱ्या कुळाचा चेहरा एकच होता, आणि अभिमानही त्या चेहऱ्याचाच होता. बी म्हणून काही असते हे ऐकून माहीत होते; पण ते झेंडूंकडचे, पावट्यांकडचे. थोरामोठ्यांकडचे नव्हे.

मग मुळांना कूज लागली. वरून काही दिसत नसे. दुपारी पान मलूल होई, संध्याकाळी सावरे, आणि एके दिवशी सावरत नसे. फुटवा वेगळा काढला तरी तो आईची कूज घेऊनच निघे. वाफ्यांतली स्वस्थता गेली. प्रत्येक झाड शेजारणीची पाने न्याहाळू लागले आणि स्वतःची पाने उन्हातही ताठ धरून उभे राहू लागले.

करडी नावाच्या तरुण झाडाचे फुटवे एकामागून एक असेच गेले. शेवटचा निघाला तेव्हा तिने त्याचे कोवळे पान पाहिलेच नाही. ती त्याच्या बुडाकडे पाहत राहिली, ते तपकिरी होईपर्यंत.

“पुन्हा निघेल गं,” आक्का म्हणाली. आक्का कुळातली ज्येष्ठ. दर हंगामात पहिले बोलावणे तिला येई.

“निघेल. आणि पुन्हा जाईल.”

“मग काय करणार, बाई? आपल्या हाती मिटून राहणं तेवढं आहे.”

करडीच्या पायथ्यापासून जरा अंतरावर उकिरडा होता. तो सतत वाफाळत असे आणि बोलायला कोणी मिळाले तर सोडत नसे.

“एवढी का धुमसतेस? धुमसणं माझं काम.”

“बाबा, आमचं काय काय येतं तुमच्याकडे?”

“खवले येतात, देठ येतात. आणि ते झुबके.”

करडीची पाने आक्रसली. “म्हणजे सगळ्यांचेच?”

“सगळ्यांचेच! तुझ्या आक्काचा तर काय दाट असतो म्हणून सांगू!” उकिरडा हसला. मग म्हणाला, “एकदा एक अख्खंच बोंड आलं होतं. स्वयंपाकघरात राहून गेलं, म्हणून फेकलेलं. ते माझ्या अंगावर पडल्या पडल्या उघडलं. झुबका वर आला आणि जांभळा झाला. केस नव्हतेच ते, पोरी. फुलं होती.”

“मग पुढे?”

“पुढे पाऊस आला. कुजलं. माझ्याकडे पुढचं काही नसतं.”

अशा फुलातून बी धरते हे उकिरड्याला माहीत नव्हते, करडीलाही नव्हते. फुटव्याच्या वाटेने आपले मूल जगत नाही, आणि आपल्या पोटातली एक गोष्ट आजवर कोणी पुरी होऊ दिलेली नाही, एवढेच तिला कळले.

त्या हंगामात शेंड्याचे मोठे बोंड तिने बोलावण्याला दिले. हात तेवढ्यावर समाधान मानून पुढे गेला. खालच्या फांदीवरचे लहान बोंड मात्र तिने रुंद पानाखाली दाबून धरले. वारा आला की पान उचलले जाई आणि तिचा जीव टांगणीला लागे. शेजारणींनी ते पाहिले. त्यांना हाताला सांगता येत नव्हते, म्हणून त्या एकमेकींना सांगत राहिल्या.

खवले सुटू लागले तेव्हा लपवणे उरले नाही.

“झाक ते!” आक्का म्हणाली. “अगं, चारचौघांत!”

“झाकवत नाही, आक्का.”

“हात येईल आणि म्हणेल, वाफाच बिघडला. सगळ्यांना उपटेल. तुझ्या एकीपायी.”

“तशाही मरतोच आहोत की आपण.”

“मरू. पण मिटलेल्या मरू.”

बोंड उमलले. झुबका ताठ उभा राहिला आणि असा जांभळा झाला की भिंतीपलीकडच्या मधमाश्या आत आल्या. “एवढं असून या बाया लपवत होत्या?” झेंडू आपसांत म्हणाले. कुळाने माना फिरवल्या. तरी मधमाशी जवळून गेली की प्रत्येकीच्या पोटात काहीतरी हलत होते.

हात आला, थबकला आणि सुरी न चालवता परत गेला.

मग रंग गेला. फूल वाळून तपकिरी झाले, वाऱ्यावर उडणारी पांढरी म्हातारी सुटू लागली. करडीला वाटले, नाचक्की तेवढी पदरात पडली. एके दिवशी हाताने वाळलेले बोंड तोडून नेले. तेव्हापासून ती रोज उकिरड्याला विचारी.

“आलं का?”

“नाही गं.”

“नीट पाहा.”

“माझ्याकडे नाही आलं, पोरी. आलं असतं तर मीच ओरडलो असतो.”

थंडीच्या तोंडावर घरातून मातीने भरलेला एक खोका बाहेर ओट्यावर आला. त्यात करडीच्या बोंडातल्या बियांची रोपे होती, आणि ती एकमेकांसारखी नव्हती. एकाच्या पानाला काटे होते, एकाच्या शिरा जांभळ्या होत्या, एकाचे पान नखाने फाडल्यासारखे कातरलेले होते. हाताने फिकट, लेचीपेची रोपे उपटून टाकली. प्रत्येक वेळी बोटे खाली आली की करडी उरलेली रोपे पुन्हा मोजी. उरलेली रोपे मुद्दामच उघड्यावर गारठ्यात ठेवली गेली, कारण गारठा सोसल्यावाचून या जातीला बोंड धरत नाही. रोपे कुडकुडली, मेली नाहीत. थंडी सरता सरता हाताने ती खोक्यातून काढून वाफ्याच्या कडेला आडवी ठेवली. क्षणभर मुळे उघडी पडली. ती पांढरीशुभ्र होती.

“एकाचंही पान तुझ्यावर गेलेलं नाही,” आक्का म्हणाली.

“मूळही गेलेलं नाही, आक्का.”

रोपे दूरच्या ताज्या मातीत लागली. उन्हाळ्यात करडी एका दुपारी मलूल झाली ती सावरली नाही. नव्या रोपांची पाने तोवर गुडघ्याला लागली होती.

पुढचा हंगाम आला. हात नेहमीप्रमाणे प्रथम आक्काकडे वळला. त्याने तिचे बोंड चाचपले. सर्वांत बाहेरचे खवले मागे वळलेले होते, त्याआतलेही सुटू लागले होते. असे बोंड निबर होते, भाजीला चालत नाही. हात पुढच्या झाडाकडे गेला.