कोठीच्या दारात दोघं

कुसगाळच्या खिंडीत अजून रस्ता नव्हता, नुसती ढोरवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणालाच सांगता येणार नाही. पण गावकीची दगडी कोठी तेव्हाही होती, आणि सगळ्या गावाचं बियाण्याचं भात तिच्यातच ठेवत. एका साली उंदीर आणि घुशी इतक्या माजल्या, की पेरणीच्या तोंडावर कोठी उघडली तर आत नुसतं फोलपट निघालं, असं म्हणतात. त्या वर्षी गावानं रानातले कंद उकडून खाल्ले आणि दिवस काढले. सहा म्हातारी माणसं गेली.

गावाबाहेर ठाकरांची चार खोपटं होती. त्यांतल्या एकात बुधी नावाची बाई राहायची. एकटीच. वणव्यात होरपळलेलं अजगराचं एक पिल्लू तिला रानात सापडलं होतं आणि तिनं ते वाढवलं होतं. एके दिवशी ती टोपलीतून ते पाटलाच्या अंगणात घेऊन आली.

"याला कोठीत ठेवा," ती म्हणाली. "हा भात खात नाही."

"आणि माणूस?" रावजी पाटलानं विचारलं. अंगणातले सगळे हसले.

बुधी हसली नाही. "आज नाही खात. पुढं तुम्ही त्याला कसं वागवाल त्यावर आहे. सांभाळायचं मी बघते, पण मी सांगेन ते ऐकावं लागेल."

गावानं मान डोलावली. भुकेलं गाव होतं ते, कशालाही मान डोलावली असती.

दोन वर्षांत कोठीत उंदराची लेंडीसुद्धा दिसेना. अजगर मात्र वाढत गेला. जुवापासून मागच्या फळीपर्यंत बैलगाडी जेवढी लांब असते, तेवढा तो झाला, आणि अंगानं माणसाच्या मांडीएवढा. जेवला की दिवसच्या दिवस निजून राहायचा, म्हणून पोरं त्याला आज्या म्हणू लागली. मग सगळं गावच म्हणू लागलं.

कोठीतले उंदीर संपल्यावर बुधी बांधावरच्या घुशी फाशात धरायची, मारायची आणि लांब बांबूच्या टोकाला अडकवून त्याला द्यायची. जिवंत कधी दिली नाही. जिवंत घूस त्याला चावते आणि जखम कुजते, असं ती सांगे. हातानं तर कधीच भरवलं नाही. एकदा दिलं की कमरेच्या दोरीला गाठ मारायची आणि रोज एक गाठ वाढवत जायची. वीस गाठी झाल्याशिवाय पुन्हा द्यायची नाही. पोट भरलेलं असताना आठ दिवस त्याला हात लावायची नाही. थंडीत उन्हात तापवलेले दगड गोणपाटात गुंडाळून कोठीच्या एका कोपऱ्यात ठेवायची, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची दगडी डोणी असायची. ऊब हवी तर तो इकडे येई, गारवा हवा तर तिकडे जाई.

आत जायच्या आधी ती राखेनं हात धुवायची. मग एक गुळगुळीत काठी त्याच्या पाठीला अलगद टेकवायची. काठी टेकली म्हणजे आज जेवण नाही, हे त्याला कळायचं. आणि कितीही घाई असली तरी एकटी आत गेली नाही. कुणालातरी सोबत घ्यायचीच.

"तुला पण भीती वाटते व्हय गं त्याची?" बाया विचारायच्या.

"वाटते ना," बुधी म्हणायची. "माझा जीव आहे त्याच्यावर. म्हणून जास्तच वाटते."

पुढं गावाला सुगीचे दिवस आले. पोट भरल्यावर लोकांना आज्या देव वाटू लागला. कुणीतरी कोठीच्या झरोक्याशी घंटा टांगली. नवस बोलायचा, फेडायला यायचं, घंटा वाजवायची आणि झरोक्यातून कोंबडा आत टाकायचा, अशी रीतच पडली. एका जत्रेला एका दिवसात अकरा कोंबडे आत गेले, असं म्हणतात. त्यातले त्यानं चार गिळले आणि दोन ओकून टाकले.

बुधी पाटलाच्या पायरीवर जाऊन बसली. "रावजीदादा, घंटा काढा. घंटा वाजली की त्याला वाटतं, जेवण आलं. आता माणसाच्या हाताला कोंबडीचा वास येतो. उद्या त्याला हात कुठला आणि कोंबडी कुठली, हे कसं कळायचं?"

"देवाला का कळत नाही?"

"देव नाही तो. पोट आहे त्याला."

"तू त्याला उपाशी मारतेस, आम्ही खाऊ घालतो, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," ओसरीवरचा एकजण म्हणाला. घंटा तशीच राहिली.

पाटलाची बायको गुणाबाई. तिला बारा वर्षं मूल नव्हतं. तिनंही नवस बोलला होता. मुलगा झाला तर, तो सव्वा महिन्याचा झाल्यावर आज्याच्या पायावर घालीन, असा. मूल झालं. तेव्हा बुधी तिला म्हणाली होती, "पाटलीणबाय, त्याला पाय कुठंयत?" बाया खूप हसल्या होत्या. गुणाबाई हसली नव्हती.

सव्वा महिना भरला तो दिवस. त्याच्या आदल्याच दिवशी बुधीनं घरोघर सांगितलं होतं, "त्याचे डोळे दुधाळलेत. कात टाकायला आलाय. त्याला नीट दिसत नाही, तो चिडलेला असतो. आठ दिवस कोठीकडं फिरकू नका." एवढं सांगून ती फासे बघायला बांधावर गेली.

पण नवस कसा चुकवायचा? दुपारी गुणाबाई वाजतगाजत कोठीवर आली. एका काखेत नवसाचा कोंबडा, दुसऱ्या काखेत बाळ. कोंबडा घाबरून फडफडला, त्याची पिसं बाळाच्या दुपट्याला चिकटली. कुणीतरी घंटा वाजवली, कुणीतरी अडसर काढला. गुणाबाईनं कोंबडा मागच्या बाईकडं दिला, उंबऱ्याच्या आत जाऊन बाळ भाताच्या पोत्यावर ठेवलं आणि डोकं टेकलं.

डोकं वर केलं तेव्हा अंधारातून ते पांढऱ्या डोळ्यांचं तोंड पोत्यावर आलेलं होतं. जीभ आत-बाहेर होत होती. पिसांच्या वासावर. बाळाच्या उबेवर.

वाजंत्री थांबली. गुणाबाईनं बाळाकडं हात नेला, तसं ते तोंड आणखी पुढं आलं. मागचे लोक दारातून मागं सरले.

घंटा बांधावर ऐकू गेली होती. बुधी धावत आली, धरलेली घूस हातातच होती. दाराशी येऊन तिनं आत पाहिलं आणि लोकांकडं वळली.

"दुसरं कुणी या!"

कुणी हललं नाही. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती एकटीच आत गेली. हात धुवायला वेळ नव्हता, काठी घ्यायला वेळ नव्हता. तिनं बाळ उचलून गुणाबाईच्या पदरात टाकलं आणि तिला उंबऱ्याबाहेर ढकललं. तेवढ्यात आज्यानं बुधीचा घुशीच्या वासाचा हात धरला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन वेढे बसले.

आतून तिचा आवाज आला. आरडाओरडा नव्हता. "मारू नका त्याला. त्याची चूक नाही. शेपटाकडनं उलगडा, डोक्याकडनं ओढू नका. दोघं पुरे."

बाहेर चाळीस माणसं होती, असं म्हणतात. प्रत्येकजण शेजारच्याकडं बघत होता.

"दुसरं कुणी या." आता आवाज बारीक झाला होता. अजगर माणसाला घाईनं आवळत नाही. माणूस श्वास सोडतो, तेवढाच तो वेढा घट्ट करतो. बुधीला हे ठाऊक होतं, म्हणून ती फार हळू श्वास सोडत होती, असं म्हणतात. गुणाबाई बाळ खाली ठेवून आत जायला निघाली. चार बायांनी तिला धरून ठेवलं. तिला धरायला चौघी पुढं आल्या, आणि आत जायला दोघं नाहीत.

तिसऱ्यांदा नुसतं "या" एवढंच ऐकू आलं. मग काहीच नाही.

उन्हं कलली तेव्हा लोक आत गेले. आत ना बुधी होती ना आज्या. दार तर त्यांच्याच डोळ्यांसमोर होतं, आणि झरोका वीतभर. पोत्यांवर अखंड कात पडली होती, डोळ्यांसकट, वेटोळ्यासारखी. वेटोळ्याच्या मधोमध एका माणसाएवढी जागा मोकळी होती, आणि त्या जागेत गाठी मारलेली दोरी. लोकांनी गाठी मोजल्या. विसांवर एक गाठ जास्त होती. नुकतीच मारलेली.

खरं काय झालं ते मला सांगता येत नाही. कुणी म्हणतं, तिनं त्याला रानात परत नेलं. कुणी काही बोलतच नाही. त्या चाळिसांत आमच्याही घरातला एक माणूस होता, एवढं मला ठाऊक आहे.

घंटा त्याच दिवशी डोहात टाकली. त्यानंतर कोठीत उंदीर शिरला नाही, असं म्हणतात. आमच्या गावात नागाला दूध दाखवत नाहीत, पाण्याची डोणी भरून ठेवतात. मुक्या जनावराला नवसाचं काही चारत नाहीत. बियाण्याला कोठी उघडायची तर आधी राखेनं हात धुतात, काठी उंबऱ्याला टेकवतात आणि हाक देतात, "बुधी, दोघं आहोत." पहिल्यांदा ही हाक गुणाबाईनं आणि तिच्या त्याच लेकानं दिली, तो अडसर उचलण्याएवढा झाला तेव्हा. एकटा माणूस आला तर पावसात भिजत दाराशी उभा राहतो, पण आत जात नाही.

आणि गावात कुठूनही, शेतातून, विहिरीवरून, "दुसरं कुणी या" अशी हाक आली, की ऐकणारा हातातलं काम टाकून निघतो. कोण हाक मारतंय, कशाला मारतंय, ते तो वाटेत विचारतो.