गोठाच्या पोटातलं भोक

शेंदुरवडीच्या सराफ गल्लीत घेतलेला गोठ, म्हणजे हातातलं सोन्याचं जाड कडं, उलटा करून पाहा. आतल्या अंगाला मोहरीएवढं भोक दिसतं. परगावच्या बायका हमखास तो परत करायला येतात आणि म्हातारे भिकाशेट दर वेळी गुरगुरतात, "खोट नाही ती, ताई. बसा जरा, सांगतो."

इथे म्हणे नागोशेटांची पेढी होती. भरीव गोठ घडवावेत तर त्यांनीच. त्यांच्या गोठांसाठी लोक लग्नाची तिथी पुढे ढकलत, असं सांगतात. मागणी हाताबाहेर गेली आणि शेटांची मती फिरली. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख, वजनाला लाखेत शिशाचा चुरा. कसोटीवर घासलं तरी सोनंच उमटायचं. पेढीवर माडी चढली.

मग त्यांच्या येसूचं लग्न निघालं. एकुलती एक लेक. तिचे गोठ शेटांनी स्वतः बसून भरीव घडवले, पण ठेवले पेढीतल्याच फडताळात, गिऱ्हाइकांच्या जोडांशेजारी. गडबडीत बायकांनी एक जोड उचलून तिच्या हातात चढवला. शेट लेकीला पोचवून परतले, तोवर मुनिमाने उरलेले जोड विकून टाकले होते. येसूच्या हातात गेला तो जोड कुठला?

विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे कबूल करणं. शेटांना अन्न गोड लागेना, गादीवर बूड टेकेना. येसूच्या गावचा कुणी दिसला की रस्त्यात गाठून विचारत, "लेक बरी आहे ना?" आणि पुढचा प्रश्न गिळून टाकत.

वर्षाने येसूच आली. नवरा तापाने अंथरुणाला खिळलेला, वैद्य लांबून आणायचा होता. भरल्या पेढीत तिने गोठ काढून ठेवले.

"आबा, एवढे मोडून द्या. परक्या सोनाराकडे कशाला जाऊ?"

शेट गुपचूप पैसे देऊन गोठ आत टाकू शकले असते. पण वर्षभर जिवाची तगमग झालेली, बघितल्याशिवाय राहवेना. त्यांनी गिरमिट घेतलं. आधी सोन्याचा कीस पडला, मागोमाग काळी भुकटी.

येसूने ती बोटावर घेऊन पाहिली. "आबा, मलासुद्धा?" एवढंच म्हणाली. पेढीतल्या गिऱ्हाइकांना काय ते कळलं.

शेटांनी वैद्य धाडला, जावई वाचला. मग त्यांनी दवंडी पिटवली, माझ्याकडून घेतलेले गोठ घेऊन या. एकेकाला भोक पाडायचं, लाख निघाली की भरीव गोठ द्यायचा. असं करता करता घरातले दागिने गेले, माडी गेली, शेवटी पेढीही गेली. येसूने मात्र आपला जोड बदलून घेतला नाही. भोकासकट जन्मभर घातला, म्हणे. माहेरी आली की त्याच हातांनी बापाला वाढायची आणि शेट मान खाली घालून जेवायचे.

आजही इथला सोनार गोठाला भोक पाडूनच तो विकतो. लग्नघरी वधूचा बाप सुई तापवून त्या भोकात घालतो. लाख असली तर वितळून सुई आत रुतते; सोन्यावर अडली, की मगच त्याने मान वर करून लेकीकडे बघायचं.